माशांच्या टाकीच्या टायमरची जबानी

मी टायमर बोलतोय. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसलेला, पुढे गोल चकती असलेला, माशांच्या टाकीचा टायमर. पण पुढे काही सांगायच्या आधी एक विचारून ठेवतो. तुम्ही माझ्या खिट्यांना हात लावला नाहीत ना? नाही म्हणताय. पण नाही तर सगळेच म्हणतात. या घरात विचारणारी सोडून तीन माणसं आहेत आणि तिघंही नाहीच म्हणाली होती.

माझ्यावर आळ आला होता. टाकीत शेवाळ माजलं आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. खरं तर शेवाळ ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. त्याच्या मागे बत्तीस पोरांनी भरलेली शाळेची एक बस होती, आणि ती चालवणाऱ्या माणसाला समोरचं नीट दिसतंय की नाही, हा प्रश्न होता. तो प्रश्न घरात फक्त दोघांना ठाऊक होता. एक तो माणूस, आणि दुसरा मी. मला तोंड नाही. म्हणून ही उशिराची जबानी.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकीनं मोटर बसवली, दुसरीनं चकती, तिसरीनं चकतीच्या कडेनं शहाण्णव खिट्या. एक खिटी म्हणजे पाव तास. खाली दाबली की तेवढा पाव तास दिवा चालू, वर असली की बंद. टेबलाच्या टोकाला एक तपासनीस बसायचा. त्यानं मला कानाला लावलं, ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि अगदी नाइलाज झाल्यासारखा शिक्का मारला. जन्मल्याजन्मल्या कुणी आपल्याकडे असं बघितलं, तर आपणही जगाकडे तसंच बघणार. यात माझं काय चुकलं?

पुढे माशांच्या दुकानात माझ्या संशयाला खतपाणीच मिळालं. दुकानदारानं मला जाळ्या आणि खाण्याचे डबे यांच्यामध्ये खिळ्याला टांगलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "हा शेवटचाच राहिलाय." माझ्या पाठीमागे त्याच खिळ्याला माझे सात भाऊ लटकत होते.

तिथून मला सूनबाईनं घेतलं. तिच्या सासऱ्यांच्या तोंडी हेच नाव असल्यामुळे मीही तिला तेच म्हणतो. ती औषधाच्या दुकानात काम करते. गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघायची सवय, त्यामुळे माझी एकेक खिटी दाबून बघितल्याशिवाय तिनं मला पिशवीत टाकलं नाही. मला ते आवडलं. विश्वास टाकणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.

दुकानदारानं त्या दिवशी एक गोष्ट मात्र खरी सांगितली. "ताई, झाडं लावलीत म्हणून दिवसभर दिवा लावून ठेवाल, तर झाडांच्या आधी शेवाळ जेवून उठेल. सहा तास पुरे. दिवा अर्ध्यावर. खाणं चिमूटभर, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं." सूनबाईनं ते सगळं माझ्याच खोक्याच्या पाठीवर लिहून घेतलं.

टाकी लहानशी, दोन हातांच्या कवेत मावेल एवढी. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ती ठेवली आणि शेजारच्या सॉकेटमध्ये मला बसवलं. माझ्या डोक्यावर किल्ल्यांचा खिळा. टाकीत मागच्या बाजूला उंच गवत, मध्ये रुंद पानांची दोन झाडं, पुढे बुटकी हिरवळ. त्यात निळी-लाल पट्टी असलेले अकरा छोटे मासे, थोड्या कोळंब्या, आणि झाडाला चिकटून फुकटात आलेली एक गोगलगाय. बिनबोलावता आली म्हणून गोगलगाईवर मी पहिल्या दिवसापासून नजर ठेवली. सूनबाईनं दुपारी दोन ते रात्री आठ अशा माझ्या चोवीस खिट्या खाली दाबल्या, दिव्याचं बटण अर्ध्यावर फिरवलं आणि म्हणाली, "आता कुणी हात लावायचा नाही."

घरात तिचा नवरा होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर बाहेर. त्यांची मुलगी चिमी, दुसरीत. आणि सासरे. ते चिमीच्याच शाळेची बस चालवायचे. सून आणि मुलगा त्यांना बाबा म्हणत, पण गल्लीपासून डेपोपर्यंत त्यांचं नाव कप्तान. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे ते स्वतः सांगायचे आणि समोरचा ऐकत नसला तर पुन्हा सांगायचे.

आता एक कबुली. मी सगळ्यांवर संशय घेतो, पण कप्तान माझा जीव की प्राण. त्याला कारण आहे. वीज गेली की माझी मोटर थांबते, आणि वीज आली की मी तेवढा मागे पडलेला असतो. ही माझी एकमेव खोट, आणि ती बाकी कुणाच्या ध्यानातही यायची नाही. कप्तान मात्र मनगटावरचं घड्याळ बघून माझी चकती पुढे सरकवायचे. "काय रे, डुलकी लागली का?" एवढंच म्हणायचे. कुणी आपली चूक अशी सांभाळून घेतली, की मग त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. मला जीभ नाही ती गोष्ट वेगळी.

रोज सकाळी साडेपाचला कप्तान आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टाकीपुढे यायचे. माझ्या दोन खिट्या दाबायचे, साडेपाच आणि पावणेसहा. दिवा लागला की स्टूल ओढून काचेला नाक लावून बसायचे आणि मोजायचे. "एक, दोन, तीन…" अकरा झाले की खिट्या वर करून उठायचे. "अकरा. चला." खिळ्यावरची बसची किल्ली काढली की निघाले.

मला याचा उलगडा होईना. मासे टाकीत, टाकी घरात, घराला कुलूप. रात्रीत पळून जाणार कुठे? हा माणूस रोज का मोजतो? मग एकदा मोजता मोजता ते नऊवर अडकले. डोळे चोळले, पुन्हा सुरुवात केली, अकरापर्यंत पोचले, आणि पुटपुटले, "अकरा दिसले तर गाडी काढायची. नाही दिसले तर नाही. आपली आपल्याशी अट आहे." मला घाम फुटत नाही, पण त्या दिवशी माझी चकती जरा अडखळली असेल.

त्याच सुमारास ते सूनबाईला म्हणाले, "पाणी गढूळ वाटतंय गं." पाणी तेव्हा आरशासारखं लख्ख होतं. सूनबाईनं वाकून बघितलं, काही दिसेना, तरी सासऱ्यांच्या शब्दाखातर तिसरा हिस्सा पाणी बदललं. दोन दिवसांनी ते पुन्हा म्हणाले, "अजून गढूळच आहे." तिनं फिल्टरमधला स्पंज काढून पिळून धुतला. गढूळपणा पाण्यात नव्हता. तो कुठे होता हे मला कळलं होतं, आणि मी गप्प होतो.

पुढे त्यांनी दिव्याचं बटण अर्ध्यावरून पुरतं फिरवलं. दोन खिट्यांच्या चार झाल्या, आणि त्या तशाच खाली राहायला लागल्या. संध्याकाळी "जरा मासे बघतो" म्हणून बसायला लागले, तसा माझा बंद व्हायचा आठचा ठोका दहावर गेला. सहा तासांचे नऊ तास झाले, आणि तेही भर उजेडाचे.

शेवाळाला आणखी काय हवं? आधी काचेवर हिरवी पूड धरली. मग गवतात केसांसारखे धागे गुंतले. मग रुंद पानांच्या कडांना काळी दाढी फुटली. आणि शेवाळ वाढलं तसे मासे त्याच्याआड दिसेनासे व्हायला लागले. मासे दिसत नाहीत म्हणून कप्तान उजेड वाढवत, उजेड वाढला की शेवाळ वाढे, शेवाळ वाढलं की मासे आणखी दिसत नसत. घाण्याच्या बैलासारखे आम्ही दोघं गोल गोल फिरत होतो, आणि मधल्या मध्ये बत्तीस पोरं रोज त्या गाडीत चढत होती. त्यात चिमीही होती.

एका रविवारी सूनबाईनं घरातच कोर्ट भरवलं.

"माशांना जास्तीचं कोण घालतंय?"

"मी दोनच दाणे घातले," चिमी म्हणाली.

"कधी?"

"रोज."

"दोन दाण्यांनी एवढं नाही होत," नवरा म्हणाला. "मला त्या गोगलगाईचा संशय येतो. आयती आली आणि आयती खातेय."

"ती शेवाळ खाते. वाढवत नाही. पडदा कोण उघडा टाकतं?"

"मी घरी असतो कधी, पडदे उघडायला?"

दुकानदाराला विचारलं तर त्याचा संशय नळाच्या पाण्यावर, कारण त्यावरच्या औषधाची बाटली त्याच्याकडे विकायला होती. सूनबाईनं बाटली फिरवून बघितली. आत काय आहे ते कुठेच लिहिलं नव्हतं. तिनं ती जागच्या जागी ठेवून दिली. बाई पक्की आहे.

मग तिनं माझ्या खिट्या मोजल्या. छत्तीस. तिनं सगळ्यांकडे पाळीपाळीनं बघितलं. "मी चोवीस लावल्या होत्या. कुणी हात लावला?"

नवरा नाही म्हणाला. चिमी नाही म्हणाली. कप्तान पेपर वाचत होते. "मी कशाला लावू? मला त्यातलं काय कळतंय?" पेपरचं ते पान त्यांनी वीस मिनिटं उलटलं नव्हतं. पण ते बघायला मी एकटाच मोकळा होतो.

सूनबाईनं खिट्या जागेवर आणल्या. दुसऱ्या दिवशी चार पुन्हा खाली. दोनदा तसं झालं, तेव्हा नवऱ्यानं निकाल देऊन टाकला. "खिट्या सैल झाल्यात याच्या. आपोआप पडतात. मी नवीन आणतो, फोनवरून चालणारा." आणि आणलाही. त्याचं चकचकीत खोकं माझ्याच समोर कपाटावर ठेवलं. मला राग आला. खरं सांगतो, त्या बत्तीस पोरांच्या आधी मला माझाच पुळका आला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात कप्तान बसचा डावा आरसा फोडून घरी आले. "शाळेच्या फाटकाला नवीन खांब घातलाय मेल्यांनी, एकदम कडेला."

"तो खांब तर पहिल्यापासून आहे, आजोबा," चिमी म्हणाली.

"तू अभ्यास कर," कप्तान म्हणाले. सूनबाई भाजी चिरत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं शेवाळाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. काळी दाढी आलेली पानं कापून टाकली. प्लास्टिकच्या जुन्या कार्डानं काच खरवडली. गवतातले धागे जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून ओढून काढले. अर्धं पाणी बदललं. मग दिव्याची पिन माझ्यातून उपसली आणि टाकीला जाड काळी चादर गुंडाळली. "तीन दिवस अंधार. उजेड नाही की शेवाळ उपाशी मरेल. झाडं तेवढं सोसतात. कुणीही उघडायचं नाही."

"तीन दिवस?" कप्तान म्हणाले. "म्हणजे सोमवारी सकाळीपण?"

"सोमवारी संध्याकाळी उघडायचं."

"मासे मरतील गं."

"नाही मरत, बाबा."

शनिवार-रविवार कप्तान त्या चादरीभोवती घोटाळत राहिले. माझ्यात दिव्याची पिन नव्हती, तरी मी रिकामाच फिरत होतो आणि बघत होतो. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना सूनबाईनं चादरीचं टोक उचलून आत डोकावलं. एक मासा तळाशी आडवा पडला होता. तो आधीपासूनच मंदावलेला होता. तिनं जाळीनं तो काढला, कागदात गुंडाळून बाहेर नेला, चादर होती तशी केली आणि हात धुतले. चिमी रडेल म्हणून ती कुणालाच बोलली नाही. उरले दहा.

सोमवार उजाडला. साडेपाच. कप्तान शर्ट घालून आले. चादरीकडे बघितलं. किल्लीच्या खिळ्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. मग त्यांनी चादर वर केली, दिव्याची पिन चाचपत माझ्यात खुपसली, खिट्या दाबल्या आणि दिव्याचं बटण टोकापर्यंत फिरवलं. काच तीन महिन्यांत कधी नव्हती इतकी स्वच्छ होती.

"एक, दोन, तीन, चार…" आठवर थांबले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा सुरुवात. "…सात, आठ, नऊ." बराच वेळ पुढचा आकडा आला नाही. स्वयंपाकघरात चिमीच्या डब्याचं झाकण वाजलं. कप्तान ताठ झाले.

"अकरा," ते म्हणाले. "चला."

स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी होती. तिच्या हातात डबा होता.

"बाबा."

"अगं, सहज बघत होतो. जिवंत आहेत सगळे. अकराच्या अकरा."

"दहा आहेत."

"अकरा. एक गवतामागे आहे तो."

"शनिवारी एक मेला, बाबा. मीच काढला."

कप्तानांनी टाकीकडे बघितलं, जसं काही टाकीनंच त्यांना दगा दिला होता. सूनबाईनं डबा टेबलावर ठेवला. तिनं दिव्याचं टोकापर्यंत फिरवलेलं बटण बघितलं. माझ्या खाली दाबलेल्या खिट्या बघितल्या. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं. औषधाच्या दुकानात चिठ्ठी नाकाला लावून वाचणारी माणसं ती रोज बघते. घरातलं माणूस तेवढं तिच्या नजरेतून सुटलं होतं.

"किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"बाबा, माझ्याकडे बघून सांगा."

"थंडी संपली तेव्हापासून." आवाज एकदम बारीक झाला होता. "सगळं धुरकट दिसतं. समोरून दिवे आले की फुटल्यासारखे पसरतात. पण रस्ता पाठ आहे मला. वळण न् वळण पाठ आहे. दोन वर्षं राहिलीत फक्त. घरी बसून मी करू काय?"

"रस्ता पाठ आहे. पोरं पाठ नाहीत, बाबा. ती कुठूनही मध्ये येतात."

तेवढ्यात एका पायात बूट घालून चिमी लंगडत आली. "आजोबा, आज मी पुढच्या सीटवर बसू?"

कप्तान स्टुलावर बसले. किल्ली हातातच होती. तिच्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. सूनबाईनं चिमीला जवळ ओढून दुसऱ्या पायात बूट चढवला. मग कप्तानांनी फोन काढून डेपोला लावला.

"मी बोलतोय. आज माझ्या गाडीवर दुसरा माणूस पाठवा… नाही, ताप वगैरे काही नाही." ते थांबले. चिमीकडे बघितलं. "मला दिसत नाही नीट. हो. बरेच दिवस झाले."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. गाडी पुन्हा मिळेल की नाही, ते डॉक्टर आणि परवाना देणारे ठरवतील. खिळ्यावर आता घराचीच किल्ली असते. त्या रिकाम्या दिवसांत कप्तान चिडचिडे झाले, दोनदा सूनबाईवर खेकसले, आणि एकदा माझ्यासमोर बसून रडलेही. ते कुणाला सांगू नका.

मी पुन्हा चोवीस खिट्यांवर आलोय. दिवा अर्ध्यावर. सूनबाईनं लवकर वाढणारी दोन झाडं आणखी लावली, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास तीच पळवतील. काळी दाढी जायला महिना लागला. एका कोपऱ्यात जरा हिरवं अजून आहे, ते तिनं गोगलगाईसाठी मुद्दाम ठेवलंय. गोगलगाईबद्दल मी माझे शब्द मागे घेतो, पण नजर काढून घेतलेली नाही. ती नव्या टायमरवरही आहे; त्याचं खोकं अजून कपाटावर आहे, कुणी ते परत केलेलं नाही, आणि का केलेलं नाही याचा मला पत्ता लागत नाही.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दुपारी कप्तान टाकीपुढे येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले.

"आज पाणी बदललंस का गं?"

"नाही, बाबा. शनिवारी बदललं होतं."

"मग एवढं स्वच्छ कसं?"

सूनबाई डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आली.

एक विनंती करतो आणि आटोपतं घेतो. तुमच्या घरची टाकी कारण नसताना हिरवी होत असेल, तर टायमर बदलायची घाई करू नका. घरात कुणाला जास्त उजेड लागायला लागलाय, ते आधी बघा. आणि त्या माणसाला रागावण्याआधी त्याच्याशेजारी बसून एकदा मासे मोजा. मी जवळ होतो, मला सगळं कळत होतं, आणि मी फक्त दिवा लावत राहिलो.

कप्तान अजून साडेपाचलाच उठतात. स्टूल ओढून बसतात. हात सवयीनं माझ्याकडे येतो, खिटीपाशी थांबतो आणि मागे जातो. खिडकीतून जेवढा उजेड येतो तेवढ्यात मोजतात. आज सकाळी त्यांनी तीनदा मोजलं. मी कान टवकारून होतो, आता काय आकडा सांगतात म्हणून. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"सूनबाई, मला नऊच दिसतायत. जरा येतेस का?"